एकशे बारा नंबरचा साचा

कॉनराड एबलिंगच्या साच्यात काहीही चूक नव्हती. एवढं एक वाक्य बोलायला मला अठरा वर्षं लागली. आणि शेवटी बोललो तेव्हा, ज्याला ते ऐकून बरं वाटावं म्हणून बोललो, त्यालाच ते सोसलं नाही.

मी थॅडियस रस्क. ओहायो नदीच्या काठी हॅन्ली नावाचं आमचं गाव आहे, तिथल्या काचकारखान्यात मी दाबकरी होतो. आम्ही रॉकेलचे दिवे करायचो. त्या काळी नदीच्या दोन्ही काठांवर असं घर सापडलं नसतं, जिथे जेवणाच्या टेबलावर आमच्यासारख्या कुठल्यातरी कारखान्याचा दिवा नाही.

काम दिसायला सोपं. माझा जोडीदार ओरिन टकर. तो भट्टीच्या तोंडातून लोखंडी सळईच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा गुंडाळून आणायचा आणि साच्यावर धरायचा. काच मधासारखी धार धरून खाली उतरायची. पुरेशी उतरली की मी कात्रीने धार तोडायची, लगेच तरफ ओढायची आणि लोखंडी दट्ट्या साच्यात दाबायचा. दोन-तीन श्वास थांबायचं. दट्ट्या वर घेऊन साचा उघडला की आत नक्षीचं भांडं तयार. ही दिव्याची टाकी. पुढचे कारागीर तिचं तोंड पुन्हा तापवून लाकडी हत्याराने आत वळवायचे, खालचा पाय वेगळ्या साच्यात केलेला असायचा, तो काचेच्या एका तप्त थेंबाने टाकीला जोडायचे. काच निवल्यावर बायका तोंडावर वातीसाठी पितळी गळपट्टी प्लॅस्टरने बसवायच्या.

सगळी मेख त्या ‘पुरेशी’त. काच कमी पडली तर काठ अपुरा. जास्त झाली तर दट्ट्या तळापर्यंत पोचत नाही, बूड जाड राहतं. जाड बूड आणि पातळ भिंत एका वेगाने निवत नाहीत. निववणीच्या लांब भट्टीतून दुसऱ्या दिवशी दिवा बाहेर येतो तो तडा घेऊनच. किती काच म्हणजे पुरेशी, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते दाबकऱ्याच्या डोळ्यात असायचं.

कॉनराड साचे कोरायचा. जर्मनीतल्या हेसेहून तरुणपणी आलेला, ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस. लोखंडाच्या ठोकळ्याच्या आतल्या अंगाला छोट्या छिन्न्यांनी तो नक्षी कोरायचा, आणि तीही उलटी. जे फुगीर हवं ते खोल, डावीकडचं उजवीकडे. आम्ही कुणी साच्यात वाकून पाहिलं तर आम्हाला नुसते खड्डे दिसायचे. त्याला दिवा दिसायचा.

“काय रे कॉनराड,” ओरिन त्याला छेडायचा, “दिवसभर सगळं उलटं बघतोस, घरी गेल्यावर बायको तरी सुलटी दिसते का?”

“अजून तपासलं नाही,” कॉनराड मान वर न करता म्हणायचा. “तिने मला तपासलंय, आणि तक्रार आहे म्हणते.”

आमची घरं शेजारी होती. माझी बायको अल्मायरा आणि त्याची लॉटा एकाच चुलाणात पाव भाजायच्या. रविवारी चर्चहून आलो की आम्ही त्याच्या ओसरीवर बसायचो. ओसरीच्या खांबांवर त्याने रानद्राक्षाचा वेल चढवला होता. द्राक्षं इतकी आंबट की पाखरंही तोंड फिरवायची. पण कॉनराडला द्राक्षं नको होती, पानं हवी होती. एखादं पान तोडून तो ते उन्हाकडे धरायचा, शिरा बघत राहायचा आणि मला दाखवायचा. मी ‘हो हो’ म्हणायचो. मला काय त्यातलं कळतं!

अठराशे अठ्ठ्याहत्तर साली आमचे व्यवस्थापक पेनहॅलो साहेब म्हणाले की नाताळच्या बाजारासाठी नवीन दिवा हवा. कॉनराडने वसंतात काम हातात घेतलं आणि सप्टेंबरात साचा पुरा केला. कारखान्याच्या वहीत त्याला नंबर पडला एकशे बारा. टाकीभोवती रानद्राक्षाची पानं, एकावर एक किंचित चढलेली. दाबलेल्या काचेवर साच्याच्या जोडाची रेघ उठतेच, ती कुणालाच लपवता येत नाही. कॉनराडने ती रेघ पानाच्या देठातून नेली होती. सांगितल्याशिवाय दिसली नसती. भिंतही पातळ ठेवली होती, उजेड पडला की पानांतून तेल झळकावं म्हणून.

“थॅड, हा साचा तुझ्याच हाताने चालवायचा,” तो मला म्हणाला. “दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.”

आता माझं सांगतो. आदल्या हिवाळ्यापासून माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं होतं. तापलेल्या काचेकडे पाहिलं की तिच्याभोवती पांढरं कडं दिसायचं, आणि काच कुठे संपते, उजेड कुठे सुरू होतो, तेच कळायचं नाही. उजवाही थोडा मंदावला होता. मी कुणालाच सांगितलं नाही. जुने साचे चौदा वर्षांच्या सवयीने चालायचे. मनात आकडे मोजायचे, एक, दोन, तीन, की कात्री. जाडजूड दिवे होते ते, थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जायचं.

एकशे बारा नंबर खपवून घेणारा नव्हता.

सोमवारी सकाळी सुरुवात केली. कॉनराड नवा शर्ट घालून आला होता. पहिल्या चाळीस टाक्या डोळ्याला बऱ्या दिसल्या. मंगळवारी निववणीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांतल्या तीन धड होत्या. बाकीच्यांच्या बुडाशी तडा, केसासारखा बारीक. काहींचे तर हातात घेताच दोन तुकडे झाले.

“पहिल्या दिवशी होतं असं,” कॉनराड म्हणाला.

मंगळवारच्या मालाचंही तेच झालं. बुधवारी मी घाबरून धार लवकर तोडायला लागलो, तर काठच अपुरे आले. गुरुवारी पुन्हा बुडं जाड. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसायचे आणि कॉनराड साच्यात कंपास घालून मोजत बसायचा. भिंत मोजायचा, दट्ट्या मोजायचा, पुन्हा भिंत मोजायचा. लॉटाने दिलेलं सॉसेज तसंच कागदात पडलेलं असायचं.

शुक्रवारी ओरिन सळई धरून उभा असताना हळूच म्हणाला, “थॅड, धार उशिरा तोडतोयस.”

“तू गोळा आण. कात्री माझ्या हातात आहे.”

“म्हटलं फक्त.”

“म्हणू नकोस.”

तो गोळा आणायला वळला. पण तेव्हापासून तो काच धरताना माझ्या हाताकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

शनिवारी दुपारी पेनहॅलो साहेब खाली आले. तुटक्या काचेची पिंपं भरून उभी होती. साहेब ओरडणारा माणूस नव्हता. त्यांनी एक तुकडा उचलला, अंगठ्याने बुडाची जाडी चाचपली आणि विचारलं, “एबलिंग, हे काय आहे?”

कॉनराड त्यांच्याशी बोललाच नाही. तो माझ्याकडे वळला. सहा दिवसांत त्याचे गाल बसले होते.

“थॅड, तू सांग. चौदा वर्षं तू साचे चालवतोयस. तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. चूक साच्यात आहे की हातात? जे असेल ते सांग, मला राग येणार नाही.”

त्याला ‘हातात’ म्हणजे कुणाच्याही हातात, असं विचारायचं होतं. ओरिनच्या, माझ्या. त्याने सरळ विचारलं होतं.

कारणं मी पुष्कळ देऊ शकतो. घरी चार पोरं होती, पाचवं पोटात होतं. डोळा अधू झालेल्या दाबकऱ्याला आमच्याकडे झाडू धरायला लावतात, हे मी पाहिलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला यातलं काही आठवलं नाही. नुसती भीती वाटली, आणि तोंडातून निघून गेलं.

“साच्यातच काहीतरी आहे, कॉनराड.”

त्याने मान हलवली. दोनदा. “मग माझाच हात चुकला,” तो म्हणाला, आणि कंपास खिशात घालून निघून गेला.

साहेबांनी त्याला काढलं नाही. जुन्या साच्यांची डागडुजी कर म्हणाले. दोन आठवडे त्याने ती केली. मग इंडियानात एका बरण्यांच्या कारखान्यात जागा आहे असं कळलं, तिथे जायचं त्याने ठरवलं. लॉटा अल्मायराच्या गळ्यात पडून रडली. नवऱ्याचं काय बिनसलं ते तिला कळत नव्हतं, आणि अल्मायरालाही सांगता येत नव्हतं, कारण तिलाही माहीत नव्हतं. गाडीत सामान चढवून झाल्यावर कॉनराड माझ्याकडे आला आणि त्याने माझा हात हातात घेतला.

“तुझा आठवडा मी फुकट घालवला, थॅड. मनात राग ठेवू नकोस.”

मी म्हणालो, “छे, राग कसला!” असं म्हणालो मी.

मार्चमध्ये मला ताप आला आणि मी दहा दिवस अंथरुणात होतो. परत कामावर गेलो तर टेबलावर एकशे बारा नंबरचे सत्तर दिवे ओळीने मांडलेले. पानं लखलखत होती. देठातली ती रेघ मला शोधूनही सापडेना. एवढं चांगलं लोखंड पडून राहायला नको, म्हणून साहेबांनी ओरिनला हात मारून बघायला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी जमलं.

ओरिन फडक्याने हात पुसत उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “साचा आधी जास्त तापवून घेतला. बहुतेक त्यानेच फरक पडला.”

त्याने मला पळवाट दिली होती. माझा डोळा त्याला केव्हाच कळला होता, आणि आपण दोघे एका भट्टीवर उभे राहिलेलो आहोत म्हणून त्याने ती दिली. मी ती घेतली.

“असेल,” मी म्हणालो. “थंड साच्याने असंच होतं.”

पेनहॅलो साहेब खुशीत होते. “एबलिंगला कळवायला पाहिजे, नाही का? बिचाऱ्याने फार मनाला लावून घेतलं.”

“मी कळवतो,” मी म्हणालो. “पत्ता आहे माझ्याकडे.”

पत्ता होता. मी कळवलं नाही. आता मागे वळून बघतो तेव्हा शनिवारच्या त्या खोट्यापेक्षा हे मला जास्त लागतं. ते भीतीने निघून गेलं होतं. हे मी रोज सकाळी उठून नव्याने करत होतो. आज नको, उद्या लिहू. नाताळला लिहू. आता इतक्या दिवसांनी काय लिहायचं.

तो दिवा फार चालला. आगबोटीने खाली सेंट लुईपर्यंत गेला, वर पिट्सबर्गला गेला. दोन वर्षांनी माझा डोळा लपवण्यापलीकडे गेला आणि मला तयार माल तपासण्याच्या टेबलावर बसवलं. तिथे बोटांनी काम व्हायचं. दिवसाला दोन-तीनशे दिवे हाताखालून जायचे, त्यांतले निम्मे एकशे बारा नंबरचे. रानद्राक्षाचं पान कसं असतं ते मला तिथे कळलं, बोटांनी. ओसरीवर तो दाखवत होता तेव्हा कळलं नव्हतं.

अशी वर्षं गेली. शहाण्णव साली अल्मायरा मला धरून व्हीलिंग शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, “भट्टीवर होता का? हा मोतीबिंदू भट्टीवाल्यांचाच. डावा तर वीस वर्षांचा असेल. तेव्हापासूनच कमी दिसत असेल तुम्हाला.”

परतीच्या गाडीत अल्मायरा खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “वीस वर्षं म्हणजे एबलिंग इथे होते तेव्हापासून.”

“हो.”

“तो पानांचा दिवा फुटत होता तेव्हा.”

“हो.”

“आणि तुला माहीत होतं.”

तिने हातमोजे काढले, घडी केली, पुन्हा घातले.

“लॉटा माझ्या एप्रनला डोळे पुसून गेली, थॅडियस,” ती म्हणाली. “तू जा. माझ्यासाठी नको, देवासाठी नको, पण जा.”

ऑक्टोबरात इंडियानाला गेलो. कॉनराडचं घर बरण्यांच्या कारखान्याच्या मागे होतं, नीटनेटकं, अंगणात कोबी लावलेला. दार लॉटाने उघडलं. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला, मग तिने एवढ्या मोठ्याने हाक मारली की कॉनराड मागच्या खोपटातून धावत आला. त्याने मला मिठी मारली. अठरा वर्षांचा आनंद होता त्याच्या तोंडावर, आणि मी तो घालवायला आलो होतो.

लॉटाने बटाट्याचे गोळे आणि आंबवलेला कोबी वाढला. कॉनराड पोरांची चौकशी करत होता, ओरिनच्या गुडघ्याची चौकशी करत होता. मी विचारलं, “तू हल्ली काय कोरतोस?”

“बरण्या. मुरंब्याच्या. गुळगुळीत, वर कारखान्याचं नाव. अक्षरं कोरतो, बास.”

“नक्षी?”

“नक्षी बंद केली. तो हात गेला, थॅड. तुला माहीतच आहे.” तो हसला. “एकदा इथल्या दुकानात तो दिवा पाहिला. विकायला ठेवलेला, धडधाकट. म्हटलं, चला, कुणीतरी चांगला कारागीर मिळाला त्यांना, माझा साचा दुरुस्त केला. मी दिवा हातात घेऊन तासभर बघत राहिलो. त्याने काय बदललंय ते शोधत होतो. सापडलं नाही. दुकानदार वैतागला. तेव्हा कळलं की नुसता हातच गेलेला नाही, नजरही गेली आहे. दुसऱ्याने केलेली दुरुस्तीसुद्धा मला दिसत नव्हती.”

मी काटा ताटात ठेवला.

मग मी सांगितलं. सगळं. डोळा, आकडे मोजणं, ओरिनने दिलेली सूचना, शनिवार, मार्च महिना, न लिहिलेलं पत्र. सांगताना मी टेबलाकडे बघत होतो. लॉटाचं वाढणं थांबलं होतं.

कॉनराडने ताट बाजूला सारलं.

“काहीच बदललेलं नव्हतं,” कॉनराड म्हणाला. मला नाही, स्वतःलाच. “म्हणून सापडलं नाही.”

“काहीच नव्हतं. साचा तुझाच होता, जसाच्या तसा.”

“मग तू आज कशाला आलास?”

“मला वाटलं, तुला कळायला हवं.”

“तेव्हा कळायला हवं होतं!” त्याने टेबलावर हात आपटला, ताटं उडाली. “तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. डोक्यात दहा दिवे होते, दहा! आपला हात वाईट आहे हे मी मोठ्या कष्टाने पटवून घेतलं, थॅड. रोज थोडं थोडं. त्याच्यासोबत जगायला शिकलो. बरण्या करायला शिकलो. आता तू येऊन सांगतोस की हात चांगला होता. हे घेऊन मी आता काय करू? सांग ना. एकसष्ट वर्षांचा झालोय मी. काय करू?”

मी म्हणालो, “मला माफ कर.”

“ते तू तुझ्यासाठी मागतोयस,” तो म्हणाला. उठला, आणि मागच्या खोपटात निघून गेला. दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं.

मी कोट घेतला. लॉटा मला फाटकापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, ती शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी पाव मळताना तो फळीवरच्या पिठात बोटाने पानं काढायचा,” ती म्हणाली. “मी ओरडायची, पीठ सांडतोस म्हणून. इथे आल्यावर ते बंद झालं. मला वाटलं, माणूस पोक्त झाला.” तिने फाटकाची कडी उघडून धरली. “अल्मायराला सांगा, मी तिला विसरले नाही. तुम्ही मात्र परत येऊ नका, मिस्टर रस्क.”

अठरा वर्षांपूर्वी ती मला थॅड म्हणायची.

हॅन्लीला परतल्यावर मी कारखान्याच्या कचेरीत गेलो. पेनहॅलो साहेब कधीच वारले होते. नवा व्यवस्थापक तरुण होता, त्याच्या टेबलावर विजेचा दिवा होता. मी त्याला म्हणालो, मला कारखान्याच्या कागदावर लिहून हवंय की एकशे बारा नंबरचा साचा कॉनराड एबलिंगने कोरला आणि त्यात कधीही दुरुस्ती झाली नाही. त्याने जुनी वही काढून पाहिली.

“दुरुस्तीची नोंद नाही खरी. पण साचा आता नाहीये, बरं का. उन्हाळ्यात जुने साचे मोडीत घातले, त्यात तो गेला. रॉकेलचे दिवे कोण घेतं आता?”

“साचा नको. कागद हवा.”

त्याला माझी दया आली असावी. त्याने दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. ओरिनने खाली साक्षीदार म्हणून नाव घातलं. लिहिता लिहिता तो म्हणाला, “मीही तेव्हा बोलायला हवं होतं, थॅड.” मी म्हणालो, “तू बोलला होतास.”

कागद मी टपालाने पाठवला. तीन आठवड्यांनी लॉटाचं पत्र आलं, अल्मायराच्या नावाने. त्यात कोबीबद्दल होतं, तिच्या सांध्यांबद्दल होतं, आणि शेवटी एक ओळ होती, की कागद पोचला, कॉनराडने वाचला आणि आपल्या कपाटात ठेवला.

त्यानंतर दोन हिवाळ्यांनी तो गेला. ते आम्हाला त्याच्या मुलीकडून कळलं. शेवटपर्यंत बरण्याच करत होता, असं तिने लिहिलं होतं.